तारेवरचा शब्द आणि कायद्याचा शब्द

२२ जुलै १९५९ या दिवशी अहमदाबाद आणि खामगाव या दोन गावांच्या दरम्यान टेलिफोनवर एक सौदा झाला. माल होता सरकीची पेंड. अहमदाबादच्या पेढीने मागणी केली आणि खामगावच्या गिरणीवाल्यांनी ती मान्य केली. कागद झाला नाही, सही झाली नाही. लांब पल्ल्याच्या तारेवरून शब्द गेला आणि शब्द आला, एवढेच. पुढे ठरलेला माल मिळाला नाही अशी तक्रार करून अहमदाबादच्या पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा लावला, आणि तो लावला अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात. त्यावर खामगावकरांनी हरकत घेतली ती अशी : आम्ही होकार उच्चारला तो खामगावी, सबब करार झाला तो खामगावी, अहमदाबादच्या न्यायालयाला या दाव्यात हात घालण्याचा अधिकारच नाही.

हा वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट १९६५ मध्ये त्याचा निकाल लागला. टेलिफोन झाला त्या दिवशी ही दोन्ही गावे द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. निकाल लागला तेव्हा त्यांच्या दरम्यान दोन राज्यांची सीमा उभी राहिली होती.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते संगणकावरून होणारे गुन्हे आणि संगणकावरून चालणारा व्यापार यांच्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी केलेल्या कायद्यांविषयी. अशा विषयाचा आरंभ सरकीच्या पेंडीपासून कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हा विषय काल-परवा आकाशातून पडला, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती खरी नाही. यंत्र नवे असते. त्यातून उठणारे प्रश्न मात्र जुनेच असतात. शब्द दिला तो कोठे दिला? कोणते कृत्य अपराध ठरवावयाचे? आणि घडले ते सिद्ध कशाने करावयाचे? या तीन प्रश्नांना धरूनच आम्ही हा इतिहास सांगणार आहो, आणि सुदैवाने तिन्हींसाठी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच सापडतात : पहिल्यास खामगाव, दुसऱ्यास पालघर आणि तिसऱ्यास जालना.

प्रथम खामगावचा प्रश्न पुरा करू. पत्राने होणाऱ्या कराराचा नियम इंग्लंडात १८१८ साली एका लोकरीच्या व्यवहारावरून ठरला होता. विकणाऱ्याने पत्र लिहिले, त्यावर पत्ता चुकला, ते उशिरा पोचले. घेणाऱ्याने तत्काळ होकाराचे पत्र टाकले. पण ते येईपर्यंत विकणाऱ्याने लोकर दुसऱ्यालाच विकून टाकली होती. न्यायालय म्हणाले, होकाराचे पत्र टपालात पडले त्या क्षणीच करार पुरा झाला. आपल्या १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या चौथ्या कलमात याच मताची छाया आहे. होकार देणाऱ्याच्या हातातून होकार निसटला, म्हणजे तो परत घेणे त्याच्या हाती उरले नाही, की मागणी करणारा बांधला गेला, असे ते कलम सांगते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. हा कायदा त्याच्याही तीन वर्षे आधीचा. तेव्हा टपाल होते, तारायंत्र होते. पण टेलिफोनचा शोधही लागला नव्हता. मुंबईत टेलिफोनची पहिली कचेरी निघाली ती १८८२ साली.

मग टपालाचा नियम टेलिफोनला लावावयाचा काय? सर्वोच्च न्यायालयात यावर न्यायमूर्तींमध्ये दोन मते पडली. बहुमताने सांगितले की टेलिफोनवरचे बोलणे हे समोरासमोरच्या बोलण्यासारखे आहे. होकार ऐकला गेला तेथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेस झाला. टपालाचा नियम हा सोयीसाठी केलेला अपवाद आहे, तो येथे ताणू नये. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निराळे मत दिले. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर ते टेलिफोनलाही लागू पडतात. आणि तसे वाचले तर करार खामगावीच झाला, असा त्यांचा अभिप्राय होता. दोघांचाही खटाटोप एकच होता : ज्या विधिकारांनी टेलिफोन डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांच्या शब्दांतून टेलिफोनचा कायदा काढणे.

पुढे पस्तीस वर्षांनी संसदेने हा प्रश्न स्वतःच सोडविला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविधी आयोगाने १९९६ साली विद्युत्-व्यापाराविषयीचा एक नमुना-कायदा तयार केला होता. निरनिराळ्या देशांनी आपापले कायदे साधारण एकाच धाटणीने करावेत, हा त्यामागील हेतू. त्याचे मुख्य तत्त्व असे की कागदाचा हट्ट धरू नये. कागद जे काम करतो ते काम दुसऱ्या साधनाने होत असेल, तर त्या साधनाला कागदाचा मान द्यावा. लेखाचे काम काय? पुन्हा पाहता यावे. सहीचे काम काय? माणूस ओळखता यावा आणि त्याची संमती कळावी. एवढे होत असेल तर शाईचा आग्रह कशाला? या तत्त्वावर १९९८ साली सिंगापूरने कायदा केला, आणि मे २००० मध्ये आपल्या संसदेनेही माहिती तंत्रज्ञान कायदा संमत केला. त्या वेळी हे खाते आपल्या महाराष्ट्राचेच प्रमोद महाजन यांच्याकडे होते. ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून कायदा अमलात आला.

या कायद्याचे तेरावे कलम वाचताना आम्हांस खामगावची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उभयपक्षी निराळे ठरले नसेल तर संदेश निघाला तो पाठविणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणाहून निघाला, आणि पोचला तो घेणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणी पोचला, असे समजावे, असे ते कलम म्हणते. संगणक कोणत्या शहरात ठेवला आहे, पत्र कोठे बसून वाचले, हे पाहण्याचे कारण नाही. २००५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर कोळशाच्या ई-लिलावाचे असेच प्रकरण आले. होकार ई-मेलने आला होता. न्यायालयाने १९६५ चा निकाल आणि हे तेरावे कलम शेजारी शेजारी ठेवून घेणाऱ्याच्या गावाला अधिकार दिला. सरकीच्या पेंडीचा वाद कोळशाच्या कामी आला!

मूळ कायद्याने आपल्या हद्दीबाहेर काय ठेवले होते तेही पाहण्यासारखे आहे. वचनचिठ्ठी व हुंडीसारखे चलनक्षम दस्तऐवज, मुखत्यारपत्र, विश्वस्तपत्र, मृत्युपत्र आणि स्थावर मिळकतीची खरेदी-विक्री. पेंडीचा सौदा पडद्यावर होऊ द्यावा. पण घर, शेत आणि मरणोत्तर इच्छा यांना कागदच हवा, असा तो सावध विचार होता. पुढे यांतील काही गोष्टींना मुभा मिळत गेली. कायदा धावत नाही, एकेक पाऊल चाचपून टाकतो. आणि व्यापाराच्या बाबतीत हे त्याचे मंदपण फारसे बाधले नाही, असे आमचे मत आहे.

गुन्ह्याच्या बाबतीत मात्र तसे नाही. तेथे शब्द कमी पडला तर चोर सुटतो आणि शब्द जास्त पसरट झाला तर साव अडकतो. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. त्या क्रमाने सांगतो.

इंग्लंडमध्ये प्रेस्टेल नावाची एक सेवा होती. टेलिफोनच्या तारेवरून घरच्या पडद्यावर माहिती आणि संदेश आणून देणारी. १९८४-८५ च्या सुमारास दोन गृहस्थांनी दुसऱ्यांची सांकेतिक खूण वापरून तीत प्रवेश केला. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची संदेशपेटीही त्यांनी उघडली. खटला झाला, पण आरोप कोणता ठेवावयाचा? घरफोडी नव्हे, कारण घर फुटले नव्हते. चोरी नव्हे, कारण काही नेले नव्हते. शेवटी १९८१ च्या बनावट दस्तऐवजाच्या कायद्याखाली आरोप ठेवला. त्या कायद्यात फीत किंवा तबकडी यांवर नोंदलेली माहितीही ‘दस्तऐवज’ धरली होती. तेव्हा यंत्राला क्षणभर दिलेली खोटी खूण हाही खोटा दस्तऐवजच, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. वरच्याने ती रद्द केली. आणि १९८८ साली लॉर्डांच्या सभागृहाने ती सुटका कायम केली. क्षणात उमटून क्षणात पुसली जाणारी खूण म्हणजे नोंदलेला दस्तऐवज नव्हे. असे कृत्य अपराध ठरावे असे वाटत असेल तर ते पार्लमेंटचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पार्लमेंटने ते काम १९९० साली संगणक-दुरुपयोगाचा कायदा करून पुरे केले.

दुसरी गोष्ट मनिलाची. ४ मे २००० रोजी ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ अशा अर्थाच्या मथळ्याचे एक इंग्रजी पत्र जगभरच्या संगणकांत येऊ लागले. सोबतची पुरवणी उघडली की ते पत्र उघडणाऱ्याच्या ओळखीच्या सर्वांना आपोआप जाई आणि संगणकातील फायलींची नासधूस करी. थोड्याच दिवसांत माग फिलिपिन्समधील एका विद्यार्थ्यापर्यंत लागला. पण त्या देशात असे कृत्य अपराध ठरविणारा कायदाच नव्हता. फिलिपिन्सच्या काँग्रेसने घाईने विद्युत्-व्यापाराचा कायदा पुरा केला. १४ जून २००० रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आमच्या कायद्याला संमती मिळाली त्यानंतर पाचच दिवसांनी! परंतु मे महिन्यातले कृत्य जूनमधल्या कायद्याने शिक्षापात्र होत नाही. ऑगस्टमध्ये आरोप मागे घ्यावे लागले आणि तरुण सुटला.

ही सुटका पाहून कित्येकांना चीड आली असेल. आम्हांस मात्र येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कृत्य घडले त्या दिवशी ते अपराध नसेल तर मागाहून त्याला अपराध ठरवू नये, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही आहे. एक चोर सुटला ही त्या तत्त्वाची किंमत होती. ती देण्याजोगी होती काय, हे पालघरची हकीकत ऐकल्यावर श्रोत्यांनीच ठरवावे.

आमच्या २००० च्या कायद्यात गुन्ह्यांची कलमे थोडी होती. संगणकात घुसून नुकसान करणे, मूळ आज्ञावली दडविणे वा बदलणे, अश्लील मजकूर प्रसृत करणे, असे काही मुख्य प्रकार. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली. मुंबईवरील हल्ल्याला तेव्हा महिनाही लोटला नव्हता. सभागृहांत चर्चा जवळजवळ झालीच नाही. त्या दुरुस्तीत चांगल्या गोष्टी पुष्कळ होत्या. दुसऱ्याची सही वा परवलीचा शब्द चोरणे, दुसऱ्याचे नाव धारण करून संगणकाद्वारे फसविणे, हे निराळे अपराध ठरले आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. इलेक्ट्रॉनिक साधनाने झालेला करार केवळ तेवढ्याच कारणाने निष्फळ मानू नये, हेही स्पष्ट झाले. पण त्यांच्या रांगेतच ‘६६ अ’ हे एक कलम शिरले. अतिशय आक्षेपार्ह वा धमकीवजा मजकूर पाठविणे, किंवा खोटे आहे हे ठाऊक असून त्रास, गैरसोय, मनस्ताप व्हावा म्हणून संदेश पाठविणे, यांस तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

हे शब्द आले कोठून? १९३५ साली इंग्लंडमध्ये टपाल खात्याच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली होती. टेलिफोनवरून घाणेरडे, धमकीचे बोलणाऱ्यांना आणि खोट्या निरोपांनी लोकांना छळणाऱ्यांना आवर घालण्यासाठी ती होती. तेच शब्द पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी कायद्यांतून उतरत २००३ च्या दळणवळण कायद्यापर्यंत आले, आणि त्यांच्याशी अगदी मिळतेजुळते शब्द आमच्या ६६ अ मध्ये बसले. टेलिफोनवर एक माणूस दुसऱ्या एका माणसाच्या कानात बोलतो; तेथे ‘त्रास’ या शब्दाला काही एक मर्यादित अर्थ आहे. फेसबुकवर एक माणूस चव्हाट्यावर बोलतो. तेथे कोणाला ना कोणाला त्रास व्हावयाचाच. कानातल्या कुजबुजीसाठी बेतलेला अंगरखा चव्हाट्याच्या अंगावर चढविला, तो कसा बसावा?

१८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा निघाली. मुंबई बंद होती. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुणीने, मुंबई अशी बंद का व्हावी, अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६ अ होते. तिच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे खटला मागे पडला आणि पोलीस अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. पण तोपर्यंत साऱ्या देशाने पाहिले होते ते हे, की एका खुणेसाठी मुलगी पोलीस ठाण्यात जाऊ शकते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण ऐकत आलो आहो. मनिलात चोर सुटला. पालघरात संन्यासी सापडला.

या प्रकारानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६ अ हे कलम संपूर्णतः रद्दबातल ठरविले. कारण हेच की शब्द इतके सैल आहेत की नागरिकाला सीमा कळत नाही आणि पोलिसालाही कळत नाही. आणि अशा सैल शब्दांनी भाषणस्वातंत्र्याला बांधता येत नाही. नवल असे की कलम मेले तरी सवय मेली नाही. त्याच कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात असल्याचे २०२१ साली न्यायालयापुढे आले, आणि २०२२ साली न्यायालयाला ते बंद करण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले.

आता तिसरा प्रश्न, पुराव्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा वाद उद्‌भवला. उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत, दाखल झाला की नाही, हा मुद्दा. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात कॅमेरे होते. चित्रण झाले होते. म्हणजे घड्याळ आणि माणसे दोन्ही दिसत होती. पण चित्रणाच्या नकलेबरोबर कायद्याला एक प्रमाणपत्र हवे असते : ही नक्कल अमुक यंत्रातून, अमुक रीतीने काढली. ते प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नकलेसाठी प्रमाणपत्र आवश्यकच. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट निराळी. पण मागणाऱ्याने सारे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर अशक्य गोष्टीचा आग्रह कायदा धरीत नाही. ही अट प्रथम २००० साली १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात घातली गेली होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ती आहे. मोबाइलवरील छायाचित्र पुढे करून ‘हा पाहा पुरावा’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. डोळ्याला दिसले म्हणजे न्यायालयाला पटले असे होत नाही. चित्र कसे आले हे सांगणारा जबाबदार माणूस लागतो. आणि तेही योग्यच आहे, कारण चित्र बनविणे आज पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे.

या सर्व इतिहासातून आम्ही काय घ्यावयाचे? आम्हांस वाटते ते असे. नवे यंत्र आले की कठोर कायदा हवा, अशी हाक उठते. कठोरपणाची गरज असतेही. पण त्याहून अधिक गरज असते ती नेमकेपणाची. १९९० च्या इंग्रजी कायद्याने अनधिकृत प्रवेश या एका कृत्याला नाव दिले; आमच्या २००८ च्या दुरुस्तीने नावाच्या चोरीला नाव दिले; ही कलमे टिकली. ज्या कलमाने कृत्य न सांगता केवळ ‘त्रास’ सांगितला, ते सात वर्षांत मोडले. आणि मोडण्यापूर्वी कित्येकांना पोळून गेले. म्हणून उद्या असा कायदा येईल तेव्हा तो किती वर्षांची शिक्षा देतो हे शेवटी विचारावे. त्याच्या शब्दांत कोण कोण सापडेल, हे आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही रजा घेतो. अलीकडे फसविणाऱ्यांनी नवा धंदा काढला आहे. पोलिसाचा गणवेश चढवून ते मोबाइलच्या पडद्यावर प्रकट होतात. तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाशी बोलू नका, पैसे पाठवा, असे धमकावतात. चांगली शिकलीसवरलेली, निवृत्त झालेली माणसे घाबरून आयुष्याची पुंजी देऊन बसतात. भारताच्या कोणत्याही कायद्यात पडद्यावरून अटक करण्याची तरतूद नाही. असा टेलिफोन आला तर तो ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. हा भामटा कुलूप फोडीत नाही. तो आपल्या अज्ञानाच्या दारातून आत येतो. कायद्याचा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याला तारेवरून आलेला कोणताही शब्द कायदाच वाटतो. खामगावच्या गिरणीवाल्यांनी कज्जा गमावला असेल. पण समोरून दावा येताच, ‘हा अधिकार तुम्हांला दिला कोणी?’ असे विचारण्याचे भान त्यांना होते. तेवढे भान आपल्यापैकी प्रत्येकाने घरी न्यावे, एवढीच आमची विनंती.